परमुलखातील श्मश्रू

माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, आणि त्यांपैकी मागच्या भोवऱ्याचा स्वभाव असा, की त्यावरचे केस बोटभर उंचीहून कमी राहिले तर ते ताठ उभे राहतात आणि पुढे महिनाभर तेलापाण्याला दाद देत नाहीत. ही गोष्ट आमच्या गावच्या न्हाव्याला माझ्या जावळापासून ठाऊक होती. किंबहुना माझ्या डोक्याची जेवढी माहिती त्याला होती तेवढी खुद्द मला कधीच नव्हती, कारण स्वतःच्या डोक्याची मागची बाजू पाहण्याची सोय विधात्याने माणसाला दिलेली नाही. पुढे विलायतेस गेलो आणि केस कॉलरवर उतरू लागले तेव्हा मुक्कामाजवळच्या एका दुकानात शिरून खुर्चीवर बसलो. न्हाव्याने पांढरे फडके गळ्याशी बांधून विचारले, कसे कापू? त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आयुष्यात हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. त्याने आपल्या रीतीने कापले, त्याचा त्यात काही दोष नव्हता. पण रस्त्यावर आल्यावर काचेत पाहिले तो मागचा भोवरा उभा होता. परदेशात आपण परके आहोत हे मला भाषेने किंवा थंडीने कळले नाही इतके त्या मूठभर केसांनी कळवले.

आमच्याकडे हा प्रश्न का विचारला जात नसे, याचे कारण गावगाड्यात आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून ज्या व्यवस्थेचे वर्णन करून ठेवले, तीत न्हावी हा बलुतेदार होता, म्हणजे त्याचे काम हा व्यापार नव्हता, वतन होते. धोकटीत वस्तरा, कातर, फणी, नऱ्हाणी, सहाण आणि आरसा घालून तो घरोघर फिरे, ओसरीवर किंवा पारावर बसून वाटीतल्या पाण्याने डोके भिजवी, आणि या सेवेचा मोबदला रोख पैशाने नव्हे तर सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याच्या रूपाने घेई. जावळ त्याने काढायचे, लग्नकार्यात त्याने राबायचे, पाहुण्याचे अंग त्याने रगडायचे, दिवटी त्याने धरायची, आणि घरात मृत्यू झाला की दहाव्या दिवशी नदीकाठी क्षौरासही त्यानेच यायचे. जन्मापासून अंत्यविधीपर्यंत एका घराण्याची डोकी दुसऱ्या एका घराण्याच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या राहत असल्यावर कोणाचा भोवरा कुठे आहे हे विचारण्याचा प्रसंग यावा कसा? परंतु या आपलेपणाचा एक अर्थ असाही होता की कोणाचे डोके करावे आणि कोणाचे करू नये हे न्हाव्याच्या मर्जीवर नव्हते. ते गावकी ठरवी. न्हाव्याचा हात न्हाव्याचा, पण त्या हातावरचा अंमल गावाचा, हा भेद या सगळ्या इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

गाव सोडून गेलेल्या जुन्या मराठी माणसाने परक्या वस्तऱ्याखाली मान दिली ती बहुधा तीर्थक्षेत्री. प्रयागास त्रिवेणीच्या वाळवंटात अनोळखी न्हाव्यापुढे बसताना त्याला काही सांगावे लागत नसे, कारण मुंडणात राखायचे असे फारसे काही नसते. खरी अडचण समुद्र ओलांडल्यावर सुरू झाली. रघुनाथरावाचा वकील हणमंतराव १७८१ साली लंडनला गेला तेव्हा त्या ब्राह्मणाला आपल्या आचाराप्रमाणे अन्न शिजवता यावे म्हणून एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्डच्या आपल्या बागेतील काचघर त्याला मोकळे करून दिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. अन्नाचा प्रश्न असा सुटतो; हात स्वतःचे असले की चूल कुठेही मांडता येते. डोक्याचे तसे नाही. तिथे दुसऱ्याचा हात लागतोच.

आणि दुसऱ्याचा हात परका असला म्हणून लोक तो नाकारतातच असे नाही, याचा सुंदर दाखला त्याच इंग्लंडात सापडतो. पाटण्यास १७५९ साली जन्मलेला दीन महंमद कंपनीच्या फौजेत राहून १७८४ साली आयर्लंडातील कॉर्क शहरी गेला, १८१० मध्ये त्याने लंडनात हिंदुस्थानी पद्धतीच्या जेवणाचे घर उघडले, ते दोन वर्षांत बुडाले, आणि मग त्याने ब्रायटनच्या समुद्रकाठी औषधी वाफेची स्नानगृहे काढून अंग रगडण्याच्या आपल्या देशी कलेवर पोट भरण्याचे ठरवले. या कलेला त्याने जे नाव दिले ते ‘शाम्पू’, आपल्या ‘चंपी’चे सख्खे भावंड, हिंदीतल्या चाँपण्यातून निघालेला हा शब्द आज जगभर बाटलीवर चिकटवलेला दिसतो, पण तेव्हा त्याचा अर्थ दाबणे, रगडणे एवढाच होता. चौथ्या जॉर्जने आणि पुढे चौथ्या विल्यमने त्याला आपला ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमले. १८५१ साली तो ब्रायटनलाच वारला. सांगायचे ते इतकेच, की एका हिंदी माणसाचे हात इंग्लंडच्या राजाच्या उघड्या खांद्यांवर फिरत होते आणि त्यात कोणाला विटाळ वाटला नाही.

मग याच्या उलट बाजूने पाहू. मोहनदास गांधी १८८८ साली विलायतेस निघाले तेव्हा त्यांनी निघण्यापूर्वी शेंडी उतरवली. बोडक्या डोक्याने वावरताना ती दिसली तर इंग्रज हसतील, आपल्याला रानटी समजतील, हे भय त्यामागे होते असे त्यांनी आत्मकथेत निःसंकोच लिहिले आहे. लंडनात रोज दहा मिनिटे आरशासमोर उभे राहून राठ केसांचा भांग ब्रशाने बसवण्याचा खटाटोप त्यांनी केला. परत आल्यावर सागरोल्लंघनाबद्दल ज्ञातीचे समाधान व्हावे म्हणून बंधूंनी त्यांना नाशकास नेऊन गोदावरीत स्नान घडवले. पुढे दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात, ते एकदा केस कापवण्यासाठी इंग्रज न्हाव्याकडे गेले असता त्याने तुच्छतेने नकार दिला. गांधींच्या मनाला ते लागले. पण त्यांनी तत्काळ केस कापण्याचे मशीन विकत घेतले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःच केस कापले. पुढची बाजू कशीबशी जमली. मागची बिघडली. कोर्टातील स्नेही पोट धरधरून हसले, उंदरांनी केस कुरतडले की काय असे त्यांनी विचारले, आणि गांधींनी खरे कारण सांगितले.

त्या प्रसंगाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग त्यानंतरचा आहे. त्या न्हाव्यावर आपण रागावलो नाही, असे गांधी लिहितात, आणि कारण असे देतात की काळ्या माणसाचे केस कापल्यास त्याची गिऱ्हाइके तुटण्याचा पुरता संभव होता; शिवाय आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांची सेवा करू देत नाही, त्याचेच हे फळ. बॅरिस्टराच्या काटेकोर नजरेने त्यांनी गुन्हेगार बरोबर हेरला होता. खुर्चीजवळ उभा असलेला माणूस बहुधा हुकमाचा ताबेदार असतो. नकार देतो तो खुर्चीवर मघाशी बसून गेलेला आणि उद्या बसायला येणारा.

हे अनुमान माझे एकट्याचे नव्हे, अमेरिकेच्या इतिहासाने त्याचा जणू प्रयोगच करून दाखवला आहे. जॉर्जिया प्रांतात १८५८ साली गुलाम म्हणून जन्मलेला अलोन्झो हर्नडन पुढे अटलांटा शहरातील नामांकित केशकर्तनालयाचा मालक झाला. पीचट्री रस्त्यावरच्या त्याच्या दुकानात संगमरवर होता, झुंबरे होती, आणि १९०५ साली विम्याच्या धंद्यात उतरण्याइतकी दौलत त्याने याच व्यवसायातून उभी केली. त्याच्याकडे कातर-वस्तरा चालवणारे सारे कृष्णवर्णीय होते, आणि खुर्च्यांवर बसणारे सारे गोरे. काळ्या हातातला उघडा वस्तरा गोऱ्या गळ्यावरून फिरलेला चाले. त्याच वस्तऱ्याने काळा गळा भादरलेला चालत नसे. ब्रायटनच्या राजाला जे खपले आणि प्रिटोरियाच्या न्हाव्याला जे झेपले नाही, त्या दोहोंचा उलगडा इथे होतो. हाताचा विटाळ नव्हताच. विटाळ होता शेजारच्या डोक्याचा, एकाच खुर्चीवर पाळीपाळीने बसल्यामुळे येणाऱ्या बरोबरीचा.

आता मला साताऱ्यास यावे लागते, आणि खरे तर हा लेख तिथूनच सुरू व्हायला हवा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींचे जे एक छोटे टिपण मागे ठेवले, त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. परमुलखात शिरण्याच्या परवान्याचा हा शब्द त्यांनी स्वतःच्या जन्मभूमीतील अनुभवांना दिला, यातच सगळे आले. त्या टिपणात बालपणीच्या गोष्टी सांगताना ते सांगतात की आमचे केस आमची थोरली बहीण कापीत असे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, न्हाव्याला द्यायला पैसे नव्हते असेही नाही. पण अस्पृश्याचे डोके करायला कोणी न्हावी तयार होईना, म्हणून भावंडांच्या डोक्यांवर हात बसवून ती बहीण या कामात तरबेज झाली होती. मला ते घर दिसते. दारात उजेडाकडे तोंड करून बसलेले मूल, मागे गुडघ्यांवर रेललेली थोरली बहीण, एका हाताने त्याचे डोके स्थिर धरलेले, दुसऱ्या हातात कातर, आणि केस कानाशी आले की श्वास रोखून घेतलेली ती एक घटका. प्रिटोरियातील बॅरिस्टराची मागची बाजू बिघडली ती पाहणारे कोणी मागे नव्हते म्हणून. या मुलाची तरी ती बिघडली नसेल. ज्या गावात आपण राहतो त्याच गावात परदेशस्थ म्हणून जगणे काय असते, हे त्या कुटुंबाला महिन्याच्या महिन्याला कळत होते. पुढे अमेरिका-युरोपातील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, आणि बडोद्यास पाऊल ठेवताच ती परत आली, असेही त्याच टिपणात त्यांनी नमूद केले आहे.

न्हावी नेहमी गावकीचा ताबेदारच राहिला, असे म्हणून मात्र त्या ज्ञातीवर अन्याय करता कामा नये. १८९० साली मुंबईत, ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र जमली आणि विधवांचे केशवपन आपल्या हातून होऊ द्यायचे नाही असे त्यांनी ठरवले. त्यात त्यांचे प्राप्तीचे नुकसान होते, आणि ज्या उच्चवर्णीय घरांशी त्यांचा रोजचा संबंध त्यांचा रोष होता. हा हात आमचा आहे आणि तो कुठे चालेल हे आम्ही ठरवू, असे त्यांनी प्रथम म्हटले ते मुंबईत म्हटले, यालाही अर्थ आहे; कारण मुंबईत बलुते नव्हते, तिथे रोखीचे दुकान होते.

दुकान या संस्थेकडे आपण पुष्कळदा तुच्छतेने पाहतो. जिव्हाळा गेला आणि पैसा आला असे म्हणतो. बलुत्यातला जिव्हाळा मी वर वर्णिला आहे आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. परंतु २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करण्यास बंदी घालणाऱ्या कलमावर चर्चा चालू असता, त्यातील ‘दुकान’ या शब्दाच्या पोटात काय काय येते अशी शंका निघाली, तेव्हा आंबेडकरांनी त्याचा अर्थ अगदी व्यापक केला: जो कोणी सेवा मागायला येईल त्याला ती देण्यास मालक जिथे सिद्ध आहे, अशी कोणतीही जागा म्हणजे दुकान. ज्याचे केस बालपणी बहिणीने कापले, त्याने ही व्याख्या सभागृहात उभे राहून करावी! ते कलम पुढे राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद झाले. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने अशी सेवा नाकारणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवला. त्यानंतरही कित्येक खेड्यांत न्हाव्याच्या दुकानातली खुर्ची काही डोक्यांना मिळाली नाही, हे लिहिताना लेखणी जड होते. पण लिहिलेच पाहिजे.

लंडनमध्ये माझा भोवरा पुन्हा खाली बसला तो शहराच्या उत्तर भागात, सायप्रसहून येऊन स्थायिक झालेल्या एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या हाताखाली. त्या भागात सायप्रसचे लोक पुष्कळ, आणि त्यांची केस कापायची दुकाने रस्तोरस्ती. तिथे रांगेत बसलेली माणसे मी पाही: आयरिश, वेस्ट इंडियन, पंजाबी, कोणी तुर्की, कोणी माझ्यासारखी. खुर्ची रिकामी झाली की पाळी ज्याची तो उठे. मघाचे डोके कोणाचे होते हे कोणी पाहत नसे, कारण त्या दुकानामागे गाव नव्हते. न्हावीही परका, गिऱ्हाईकही परके.

म्हाताऱ्याने मला काही विचारले नाही. कातर हाती घेण्यापूर्वी त्याने माझ्या डोक्यावरून दोन्ही हात सावकाश फिरवले, मागे उजवीकडे अंगठा थांबवला, एकदा गोल फिरवून पाहिला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, इथे लांब ठेवावे लागतील. मी मान हलवू लागलो तशी त्याने ती दोन बोटांनी धरून सरळ केली. केस कापता कापता त्याने आपल्या बापाची गोष्ट सांगितली. बापही न्हावीच होता, गावातल्या सगळ्यांच्या दाढ्या करी, आणि पैसे कोणी देत नसे. वर्षातून एकदा, मळणी झाली की, गहू मिळे.