घडीची लिपी

होडी, विमान, शाईची दौत हे कागदाचे प्रकार आपल्या घरांत कोणी ना कोणी शिकवलेले असतात. ते प्रथम कोणी केले हे सांगता येत नाही, कारण ते एका हातातून दुसऱ्या हातात आले. एखादी अवघड घडी जाणणारी आजी गेली, की घडीही तिच्याबरोबर गेली.

जपानमध्येही फार काळ असेच चालले. १७९७ साली क्योटोत क्रौंच पक्ष्यांच्या घड्यांचे एक पुस्तक छापले गेले. एकाच कागदाला चिरा देऊन एकमेकांना जोडलेले क्रौंच करण्याचे ४९ नमुने त्यात आहेत. भर मात्र कागद कुठे कापायचा आणि शेवटी काय दिसेल यावर. मधली वाट वाचकाला ठाऊक आहे असेच धरलेले.

आपल्या देशाचेही या इतिहासात एक पान आहे. १८९३ साली मद्रासेत टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक छापले. ते आमच्याच जातकुळीतले, म्हणजे सरकारी नोकर! बालवाडीच्या खेळातले रंगीत चौकोनी कागद पाहून त्यांना ही कल्पना सुचली. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याचा उल्लेख केला आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. तिच्यात घड्या घातलेल्या कागदांचे फोटो आहेत. पण फोटोत घातलेली घडी दिसते, हात कसा फिरला ते दिसत नाही.

तो हात कागदावर उतरवला अकिरा योशिझावा यांनी. जन्म १९११ चा. तेराव्या वर्षी ते टोकियोत कारखान्यात लागले आणि विशीत तिथेच ड्राफ्ट्समन झाले. नव्या कामगारांना भूमिती समजावताना ते कागद दुमडून दाखवत. डिप्लोमाला ड्रॉइंग बोर्डावर डोळे शिणवलेल्या आम्हांला हा तपशील फार मोलाचा वाटतो. तुटक रेषा म्हणजे आड गेलेली कड, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. योशिझावांनीही रेषेलाच बोलते केले. तुटक रेषा असेल तर घडी आपल्याकडे, रेघ-टिंब असेल तर मागे. शिवाय बाण : कागद इकडून तिकडे न्या, पालथा करा, आत ढकला.

१९३७ साली नोकरी सोडून त्यांनी या कलेला वाहून घेतले. मग बरीच वर्षे गरिबीत गेली, दारोदार खाद्यपदार्थ विकावे लागले. १९५२ च्या आरंभी एका सचित्र साप्ताहिकात त्यांचे राशिचक्रातले बारा प्राणी छापून आले, तेव्हा नाव झाले. १९५४ मध्ये या रेषा-बाणांचे पुस्तक निघाले. पुढे अमेरिकेत सॅम्युअल रँडलेट आणि इंग्लंडमध्ये जादूगार रॉबर्ट हार्बिन यांनी ही पद्धत उचलली. जपानी अक्षर न ओळखणाऱ्यालाही जपानी घडी जमू लागली. आणि घडीला कर्ता मिळाला. अमुक आकृती अमक्याची, अमुक साली छापलेली, असे म्हणता येऊ लागले.

बडोदेकरांना हे परके वाटू नये. १९१६ साली आपल्याच शहरात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागे पंडित भातखंडे होते. घराण्यांच्या गळ्यांत अडकलेल्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीत छापल्या. मींड कागदावर कशी उतरणार, हा आक्षेप तेव्हापासूनचा, आणि तो अगदीच खोटा नाही. योशिझावा कागद किंचित ओला करून त्याला गोलाई देत. किती ओला करायचा हे कुठला बाण सांगणार? तरीही क्रमिक पुस्तके नसती तर किती बंदिशी आज आपल्यापर्यंत आल्या असत्या, हे ज्याचे त्याने ठरवावे.

योशिझावांच्या आकृत्यांची संख्या पन्नास हजारांहून अधिक मानली जाते. त्यांपैकी रेखाटून पुस्तकांत आल्या त्या काही शेच. १४ मार्च २००५ ला, आपल्या ९४ व्या वाढदिवशी, ते गेले.