कोकणात टिकून राहिलेला 'शमा'



रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात मुले प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणून टाकतात. मग आम्ही रागावतो, "अर्थ कळत नसेल तर नुसत्या पाठांतराचा काय उपयोग?" पण यहुदी लोकांच्या एका प्रार्थनेचा इतिहास वाचला, आणि आमचा राग थोडा निवळला.

ती प्रार्थना म्हणजे 'शमा'. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ 'ऐक'. त्यात ऐकून तसे वागणेही आले. अनुवादाच्या ६ व्या व ११ व्या आणि गणनेच्या १५ व्या अध्यायातील तीन उतारे मिळून ती होते. देव एकच आहे, त्याच्यावर सर्वस्वाने प्रीती करा आणि हे मुलांना शिकवा, असा तिचा गाभा. श्रद्धावंत यहुदी ती रोज सकाळी आणि रात्री म्हणतात. पहिल्या ओळीला उजव्या हाताने डोळे झाकतात. यरुशलेमच्या मंदिरात याजकही ती म्हणत. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाची सुरुवातच रात्रीचा शमा केव्हापासून म्हणावा, या प्रश्नाने होते. दुसऱ्या शतकात रोमी सत्तेने रब्बी अकिबांना हालहाल करून मारले, तेव्हा त्यांच्या ओठी शमाच होता, असे तालमूद सांगतो.

आता आपल्या कोकणात या. अलिबागच्या आसपासच्या गावांत बेने इस्राएल समाज पिढ्यान्पिढ्या राहिला. मराठी बोलणारे, तेल गाळणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शास्त्राचे ग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते, हिब्रू भाषा विसरली होती. तरी सुंता, शब्बाथ आणि शमा त्यांनी सोडला नाही. सुंता असो, लग्न असो की मयत, तोच म्हणत. समाजाची परंपरा सांगते, की दावीद राहाबी यांनी या खुणांवरून आपले लोक ओळखले आणि त्यांना पुन्हा धर्मशिक्षण दिले. पुढे १७९६ मध्ये याच समाजाच्या सामुएल दिवेकरांनी मुंबईत पहिले सभास्थान बांधले.

अर्थ विसरला होता, पण शब्द जपले होते. त्या शब्दांच्या आधारानेच अर्थ परत आला.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा आपल्या प्रभूनेही उत्तराची सुरुवात शमानेच केली (मार्क १२), आणि त्याला शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा जोडली. त्याच्या लोकांची ही रोजची प्रार्थना त्याच्याही मुखी होती. म्हणून यहुदी बांधवांच्या या ठेव्याकडे आपण आदरानेच पाहावे.

येत्या रविवारी आम्ही मुलांना रागावणार नाही. पाठांतर होऊ देऊ, आणि मग त्यांच्याजवळ बसून एकेका शब्दाचा अर्थ सांगू. पाठ करून घेणे हे आमचे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे आम्हीच टाळत होतो.

प्रभू आम्हांला ऐकणारे कान आणि ऐकल्याप्रमाणे चालणारे पाय देवो. आमेन.