पान्ह्याबरोबर येणाऱ्या कळा

बाळंतिणीने बाळाला छातीशी घेतले, की पहिले तीन-चार दिवस तिच्या ओटीपोटात कळा येतात. पहिलटकरणीला त्या फारशा जाणवत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मात्र चांगल्याच जाणवतात. प्रसूतीनंतरच्या या शूळाला आयुर्वेदात 'मक्कल' असे नावही आहे. आणखी एक गोष्ट घरोघरी ठाऊक असते. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी कित्येकदा महिनोन्महिने येत नाही. दूध ओढते बाळ, आणि परिणाम होतो गर्भाशयावर! या दोन अवयवांचा संबंध तरी काय?

प्रश्न जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले, की पाजणाऱ्या स्त्रीला सहसा पाळी येत नाही आणि गर्भही राहत नाही. त्याचे कारणही त्याने दिले: दूध आणि पाळीचे रक्त मुळात एकच, त्यामुळे एकीकडे खर्च झाले की दुसरीकडे उरत नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही याच जातीचा विचार आहे. गर्भ राहिला की आर्तवाचे मार्ग बंद होतात, अडलेले आर्तव वर चढते, आणि त्यातला काही भाग स्तनांपर्यंत पोचतो, असे तिथे म्हटले आहे.

आता द्रव इकडून तिकडे जायचा तर नळी हवीच. लिओनार्डो दा विंचीने 1490च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात गर्भाशयापासून स्तनापर्यंत जाणारी अशी वाहिनी स्पष्ट दिसते. ती त्याने देहात पाहिली नव्हती, जुन्या ग्रंथांच्या आधाराने काढली होती. पुढे शवविच्छेदने वाढली, तशी ती कुठेच सापडेना. या मंडळींना हसण्याचे मात्र कारण नाही. त्यांचे निरीक्षण पक्के होते. चुकली ती फक्त नळी.

खरा दुवा सापडला तो भलत्याच जागी, मेंदूच्या तळाशी. 1906 मध्ये लंडनला हेन्री डेल यांना दिसले, की पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क दिला की मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. 1910 मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी तसाच अर्क दुभत्या शेळीला टोचला, तर दूध वाहू लागले. म्हणजे एकाच ग्रंथीचा अर्क दोन्हीकडे काम करत होता. 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी त्यातल्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवले. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ती साखळी! 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले.

मधला एक प्रयोग गुरे राखणाऱ्या कुणालाही पटेल असा आहे. गाय बिथरली की पान्हा चोरते, हे आपण जाणतोच. 1941 मध्ये अमेरिकेत इली आणि पीटरसन यांनी गायींच्या पाठीवर मांजर ठेवले, कानाशी कागदी पिशव्या फोडल्या, आणि पान्हा खरोखरच अडला. त्यांनी कासेच्या अर्ध्या भागाकडे जाणाऱ्या नसाही तोडून पाहिल्या. तरी धार काढताना त्या भागातही पान्हा उतरला. निरोप नसांतून नव्हे, रक्तातून येत होता. आणि रक्तातून आलेला निरोप सगळीकडेच पोचतो. स्तनातले बारीक स्नायू आवळतात तेव्हा दूध येते. त्याच वेळी गर्भाशयही आवळते, तीच ती कळ. तिच्यामुळे गर्भाशय लवकर पूर्ववत होते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो.

पाळी थांबण्याचे काम मात्र ऑक्सिटोसिनचे नाही. बाळ चोखू लागले, की मेंदूकडून अंडाशयाला चालना देणारे संकेत मंदावतात. दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन त्याच वेळी वाढलेले असते. इथे महत्त्व आहे ते किती वेळा पाजले याला. कालाहारी वाळवंटातल्या कुंग समाजाचा अभ्यास कॉनर आणि वर्थमन यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या आया दर तासाला सुमारे चार वेळा, अगदी थोडा थोडा वेळ पाजत. दोन बाळंतपणांत त्यांना सरासरी 44 महिन्यांचे अंतर पडे, आणि तेही कोणतेही साधन न वापरता. अंगावर न पाजणाऱ्या बाईची पाळी साधारण सहा ते आठ आठवड्यांत परतू शकते.

मग यावर विसंबावे का? ऑगस्ट 1988 मध्ये इटलीतील बेलाजिओ येथे तज्ज्ञांनी यावर विचार केला. बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी अजून न आलेली, आणि बाळ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंगावरच्या दुधावर, अशा तिन्ही अटी पाळल्या तर गर्भधारणेपासून 98 टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते, असे त्यांनी मांडले. एक जरी अट सुटली तरी हा हिशेब लागू होत नाही.

'पाळी आलेली नाही, म्हणजे दिवस जाणार नाहीत', या समजातली गफलत इथेच आहे. पहिल्या पाळीच्या दोनेक आठवडे आधीच अंडे बाहेर पडलेले असू शकते, विशेषतः बाळाला वरचे अन्न सुरू झाल्यावर. ते त्याच वेळी फळले, तर बाई वाट पाहत असलेली पाळी येतच नाही.