केशवराव भोसले : गायक नट आणि ‘ललितकलादर्श’चे मालक

नवी दिल्ली : मराठी संगीत रंगभूमीवरील अग्रगण्य गायक नट आणि ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांना अवघे ३१ वर्षांचे आयुष्य लाभले. गायक आणि कंपनीचालक या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीने पेलण्याच्या परंपरेतील ते ठळक नाव होते. त्यांच्यानंतरही टिकून राहिलेली संस्था हे त्यांच्या कारकिर्दीचे सर्वांत मोठे फलित मानावे लागेल.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग १८८० मध्ये पुण्यात झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. युरोपीय ऑपेऱ्यात बहुधा सर्व संवाद गायले जातात. संगीत नाटकात गद्य संवादांच्या ओघात नट स्वतः पदे गातो. त्यामुळे चांगला गळा हेच कंपनीचे मुख्य भांडवल ठरत असे. कपडेपट, पडदे, साथीदार आणि बिऱ्हाड घेऊन मंडळी गावोगावी मुक्काम करीत. मुख्य गायक आजारी पडला वा कंपनी सोडून गेला, तर साऱ्यांच्याच चरितार्थाचा प्रश्न उभा राही.

कोल्हापूरचे केशवराव बालवयातच ‘स्वदेश हितचिंतक’ नाटक मंडळीत दाखल झाले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’मधील शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांनी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ची स्थापना केली.

मालक या नात्याने त्यांनी केवळ स्वतःच्या लोकप्रियतेवर विसंबून राहणे टाळले. वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्यांनी रंगभूमीवर आणले. हुंड्याच्या प्रश्नावरील ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकाद्वारे मामा वरेरकर यांच्यासारख्या सामाजिक आशयाच्या नाटककाराला व्यासपीठ दिले. रामकृष्णबुवा वझे यांच्या चालींनी कंपनीच्या नाट्यसंगीताला भारदस्तपणा आला. नेपथ्याकडेही त्यांनी आवर्जून लक्ष पुरविले.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक गाजलेला प्रसंग म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग. टिळक स्वराज्य निधीच्या मदतीसाठी ‘ललितकलादर्श’ आणि ‘गंधर्व नाटक मंडळी’ या प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. केशवराव धैर्यधराच्या, तर बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले.

तथापि कंपनी बंद पडली नाही. बापूराव पेंढारकर यांनी सूत्रे स्वीकारून वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ सादर केले. पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी संस्थेचे पुनरुज्जीवन करून ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’ ही नाटके लोकप्रिय केली. याउलट, बालगंधर्वांच्या असामान्य गायकीभोवती उभी राहिलेली ‘गंधर्व नाटक मंडळी’ कर्ज आणि बोलपटांची स्पर्धा यांच्या कचाट्यात सापडून १९३० च्या दशकात विसर्जित झाली.

स्वातंत्र्यानंतर या परंपरेची दखल राजधानी दिल्लीतही घेतली गेली. बालगंधर्वांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये ‘पद्मभूषण’ प्राप्त झाले. मामा वरेरकर १९५६ मध्ये राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले. केशवराव मात्र या सन्मानांच्या काळापूर्वीच काळाच्या पडद्याआड गेले होते.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, हे नाट्यगृह भीषण आगीत भस्मसात झाले. कलावंत आणि रसिकांनी पुनर्बांधणीची मागणी लावून धरली आणि राज्य शासनाने नाट्यगृह पुन्हा उभारण्याची घोषणा केली.