तणसाचा फेरा

भंडारा जिल्ह्याचा इतिहास राजेरजवाड्यांपासून नव्हे, तळ्यांपासून आरंभावा लागतो. कोहळी शेतकऱ्यांनी ज्यांच्या पाळी बांधल्या, ते तलाव १९५१ साली मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा’ तलाव झाले. त्या पाण्यावर धानाच्या बांध्या पिकल्या.

त्या शेतीचे एक सूत्र होते. दाणा माणसाला, तणस जनावराला, शेण उकिरड्याला आणि खत पुन्हा बांधीला. उन्हाळ्यात तळ्याचा गाळही शेतात पडे. ही नुसती काटकसर नव्हे. धानाच्या रोपातील बहुतेक पालाश तणसातच राहतो. तणस परत देणारा शेतकरी जमिनीचे ऋण फेडीत होता.

परंतु फेऱ्याला विवेक नसतो. जे घालावे तेच तो फिरवितो. जपानात जिंझू नदीकाठी कामिओका खाणीतील कॅडमियम पाण्यावाटे भातशेतीत उतरले. हाडे ठिसूळ करणाऱ्या ‘इताई-इताई’ रोगाने विशेषतः प्रौढ स्त्रिया पिडल्या गेल्या. १९६८ साली सरकारने त्याचे कारण मान्य केले. शेतांची माती बदलण्याचे काम मात्र २०१२ पर्यंत चालले. विष उतरावयास वेळ लागत नाही, काढावयास पिढी लागते.

धानाचे रोप जे कॅडमियम शोषते त्यातील थोडेच दाण्यात पोहोचते. मुळांत व तणसात अधिक साठते. म्हणून दूषित बांधीतील तणस तिथेच कुजविले, तर रोपाने वर काढलेला धातू पुन्हा मातीत जातो. जाळले तरी तो नाहीसा होत नाही. राखेत उतरतो वा धुरात जातो. जनावरास घातले, तर बराचसा शेणावाटे परततो. पाणी भरलेल्या बांधीत कॅडमियम गंधकाशी बांधले जाते. पाणी सोडून जमीन वाळली, की ते मोकळे होऊन रोपाच्या हाती लागते.

आता आमच्या जिल्ह्याकडे पाहू. भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध. पितळ म्हणजे तांबे व जस्त, आणि जस्ताच्या खनिजासोबत कॅडमियम असते. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला व कन्हानमधून वैनगंगेला मिळते, आणि पुढे गोसीखुर्दचे धरण आहे. स्फुरदाच्या खतांतूनही थोडे कॅडमियम येते. यांवरून जमीन विषारी ठरली असे आम्ही म्हणत नाही. फेऱ्यात शिरावयाची ही दारे आहेत, इतकेच आमचे म्हणणे.

तेव्हा तणसाला दोष देणे अन्यायाचे होईल. जिथे पाणी निर्मळ आहे तिथे तणस मातीला अवश्य परत द्यावे. जिथे शहराचे वा खाणीचे पाणी बांधीत येते तिथे माती, तणस व तांदूळ तिन्ही आधी तपासावीत. दोष आढळल्यास ते तणस त्या शेतात वा गव्हाणीत न घालता निराळे काढावे. पूर्वजांनी फेरा अखंड ठेवला. तो निर्मळ ठेवणे हे आमच्या पिढीचे काम आहे; आणि त्याचा आरंभ तणसाच्या ढिगापाशी नव्हे, नदीत पाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी झाला पाहिजे.