‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ : एक ग्रंथ, अनेक वाचक

बौद्ध वाङ्मयाचा पसारा इतका अफाट आहे, की विनय, सुत्त आणि अभिधम्म या तीन ‘पिटकां’त विभागलेले मूळ पाली वचनच समग्र वाचणे सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचे ठरते. ही अडचण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकातील लेखात मांडली आणि ख्रिस्ती माणसाला जसे बायबल, तसा एकच ग्रंथ बौद्धांच्या हाती असला पाहिजे, असा आग्रह धरला. पुढे तो ग्रंथ त्यांनी स्वतःच इंग्रजीत सिद्ध केला. परंतु 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले आणि 1957 मध्ये मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाने तो प्रकाशित केला, तेव्हा तो पाहण्यास ते हयात नव्हते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लक्षावधी लोकांनी दीक्षा घेतली होती, आणि घेतलेला धम्म नेमका कोणता हे सांगणारे पुस्तक मात्र त्यांच्या हाती नंतर येणार होते.

ग्रंथाच्या प्रास्ताविकातच आंबेडकरांनी चार प्रश्न उभे केले : सिद्धार्थाने गृहत्याग का केला, चार आर्यसत्ये ही बुद्धाची मूळ शिकवण मानावी काय, आत्मा नाकारून कर्म आणि पुनर्जन्म कसे टिकतात, आणि भिक्खू हा केवळ स्वतःची सिद्धी साधणारा पुरुष की समाजसेवक. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर सर्वांत धीट आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राला वैराग्य आले, ही परंपरागत कथा एकोणतीस वर्षांच्या माणसाच्या बाबतीत बुद्धीला पटत नाही, असे सांगून त्यांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेल्या शाक्य-कोलियांच्या वैरात शोधले. मराठी वाचकाला ही दिशा अगदीच अपरिचित नव्हती. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात ती कथा मुळात विपस्सी नावाच्या पूर्वबुद्धाच्या चरित्रातली असल्याचे दाखवले होते आणि सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताच्या आधारे शस्त्रधारी समाजाविषयीच्या भयाकडे लक्ष वेधले होते. पाली अट्ठकथांमध्ये, म्हणजे मूळ वचनांवरील टीकाग्रंथांमध्ये, रोहिणीचा तंटा आहेच. मात्र तेथे तो बोधिप्राप्तीनंतर घडतो आणि बुद्ध त्यात मध्यस्थ असतात. आंबेडकरांनी तो प्रसंग आधी आणला, शाक्य संघाच्या सभेतील मतदान त्याला जोडले आणि सिद्धार्थाला युद्धाला विरोध करणारा नागरिक केले.

परंपरेत वाढलेल्या काही भिक्खूंना आणि पंडितांना हे मानवले नाही. 1959 मध्ये रंगूनच्या ‘लाइट ऑफ द धम्म’ या नियतकालिकातील परीक्षणाने लेखकाचे मोठेपण मान्य करूनही ग्रंथाला मोठेपण नाकारले, कारण गैरसोयीची वचने लेखकाने भिक्खूंनी मागाहून घातलेली भर ठरवली, असा परीक्षणकर्त्याचा आक्षेप होता. त्याच वर्षी महाबोधी मासिकात जीवक नावाच्या परीक्षणकर्त्यांनी तर शीर्षकात बुद्धाच्या जागी आंबेडकरांचेच नाव हवे, असा टोला लगावला. ग्रंथात तळटीपा नव्हत्या, म्हणून कोणते वाक्य सुत्तातले आणि कोणते लेखकाचे हे कळत नाही, ही तक्रार रास्त होती. मात्र अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’नेही आपल्या काळाच्या गरजेप्रमाणे कथेची मांडणी केली होती, याचे विस्मरण टीकाकारांना झाले असावे.

सर्वच भिक्खूंचे मत असे नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला आणि जेथे आंबेडकरांनी संदर्भ दिले नव्हते तेथे मूळ पाली स्थळे शोधण्याचे कष्ट घेतले. या शोधातून बराचसा मजकूर सुत्तांच्या निवडक वचनांवरच उभा असल्याचे दिसून आले. आंबेडकरांचे कर्तृत्व प्रामुख्याने निवडीत, क्रमात आणि गाळण्यात आहे; मोजक्या ठिकाणीच, जसे रोहिणीच्या प्रसंगात किंवा पुनर्जन्माचा अर्थ महाभूतांचा पुनःसंयोग असा लावताना, ते टीकाकार म्हणतात तितके स्वतंत्र होतात.

ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला गेला त्या महाराष्ट्रातील नवदीक्षितांनी मात्र हा वाद फारसा मनावर घेतला नाही. जन्माने लादलेली अवहेलना पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले होते, त्यांना त्या कर्मविपाकाचा ग्रंथाने केलेला नकार हा शास्त्रार्थाचा मुद्दा न वाटता आपल्या जगण्याचा प्रश्न वाटणे स्वाभाविक होते. मराठी अनुवादानंतर ग्रंथ वस्त्यांतील विहारांत पोहोचला. त्याची खंड, भाग आणि क्रमांकित वाक्ये अशी रचना मोठ्याने वाचण्यास सोयीची होती. भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहतात, तो काळ म्हणजे वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या त्या तीन महिन्यांत महाराष्ट्रातील विहारांतून आज या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते, आणि वाचणारे बहुतेक भिक्खू नसून उपासक व उपासिका असतात.