‘मुक्त’ आणि ‘खुले’ : सॉफ्टवेअर-परवान्यांच्या इतिहासातील एक शब्दभेद

पारिभाषिक संज्ञांचा इतिहास हा पुष्कळदा विचारांचाच इतिहास असतो. ‘फ्री सॉफ्टवेअर’ व ‘ओपन सोर्स’ या दोन संज्ञा सामान्यतः समानार्थी म्हणून योजिल्या जातात. त्यांचे क्षेत्र बव्हंशी एकच आहे. दृष्टी मात्र एक नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालविणे, त्याची मूळ संहिता अभ्यासून तीत बदल करणे, प्रती इतरांस देणे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटणे, अशी वापरकर्त्याची चार स्वातंत्र्ये या चळवळीने मानली. त्यांच्या रक्षणार्थ १९८९ मध्ये ‘ग्नू जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना सिद्ध झाला. प्रताधिकाराचा कायदा न मोडता त्याचाच आधार घ्यावयाचा, ही त्यातील योजना होय. जो प्रती वाटील, त्याने घेणाऱ्यासही तेच हक्क व तीच संहिता दिली पाहिजे, अशी अट त्यात घातलेली आहे.

इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द स्वातंत्र्य आणि फुकटेपणा असे दोन्ही अर्थ देतो. व्यापारी वर्गास तो अडचणीचा वाटे. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची संहिता खुली करण्याचे जाहीर केले. पुढल्याच महिन्यात क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा सुचविली, आणि एरिक रेमंड व ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था काढली. जुनी संदिग्धता टळली खरी. परंतु संज्ञेचा रोख वापरकर्त्यावरून संहितेकडे वळला.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे, याचे प्रत्यंतर टीव्हो या यंत्राने आणून दिले. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करणारे हे यंत्र लिनक्सवर चालत असे. परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीस अनुसरून कंपनीने संहिता उपलब्ध करून दिली होती. परंतु कोणी ती बदलून यंत्रात घातली, तर कंपनीची डिजिटल स्वाक्षरी नसल्याने यंत्र ती चालवीत नसे. संहिता खुली होती, पण यंत्राच्या धन्यास तिचा उपयोग नव्हता. यास्तव २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने, घरगुती उपकरणांच्या बाबतीत, बदललेले सॉफ्टवेअर बसविण्यास लागणारी माहिती देणेही सामान्यतः बंधनकारक केले. लिनस टोरवाल्ड्स यांना हे मान्य झाले नाही. सुधारलेली संहिता परत मिळाली की पुरे. यंत्र कसे असावे हे परवान्याने सांगू नये, असे त्यांचे मत. लिनक्सचा गाभा आजही दुसऱ्याच आवृत्तीखाली आहे.

मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्द भिन्न असल्याने इंग्रजीचा पेच आपणांस पडत नाही. आपला पेच निराळा आहे. ‘ओपन’ या अर्थीही आपण ‘मुक्त’च म्हणतो, १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे नाव पाहावे. त्या न्यायाने ‘मुक्त स्रोत’ म्हटले, की टीव्होचे यंत्रही मुक्त ठरते. म्हणून ‘फ्री’साठी ‘मुक्त’ व ‘ओपन’साठी ‘खुले’ ही वाटणी आपल्या लेखनात काटेकोरपणे पाळणे इष्ट होय. तसे न केल्यास स्वातंत्र्य संहितेचे की वापरकर्त्याचे, हा मूळ प्रश्न मराठीत विचारताच येणार नाही.